सर्दी, सायकल आणि संडेची घाई

ग्रुपवर मेसेज येतो... ‘संडे. सिंहगड पायथा. साडेपाचला निघायचं. कोण कोण?’ आणि पुढच्या दोन मिनिटांत तुमचा अंगठा वर गेलेला असतो. आता खरं तर या अंगठ्याच्या मालकाला बुधवारी १०१ ताप होता. गुरुवारी त्याने ‘वर्क फ्रॉम बेड’ केलं. शुक्रवारी जरा बरं वाटलं. आणि रविवारी डायरेक्ट सिंहगड! मंगळवारी पुन्हा घसा धरला, की हाच माणूस ऑफिसात सांगत फिरतो, ‘यार, माझी इम्युनिटीच वीक आहे.’

इम्युनिटी वीक असेलही. पण आधी वीकएंड तपासूया का?

आजचा कॉलम अशा सायकलवेड्यांसाठी, ज्यांच्या कपाटात जर्सी आणि वाफाऱ्याचं मशीन शेजारी शेजारी नांदतात. महिन्या-दोन महिन्यांनी ज्यांना काही ना काही होतंच. कधी सर्दी, कधी पोट, कधी व्हायरल. हौस दांडगी, पण शरीर मध्येच रजा टाकतं. अशांनी फिट राहायचं कसं आणि खायचं काय?

सुरुवात एका साध्या हिशेबाने करू. समजा, तुम्ही आठवड्याला १२० किलोमीटर मारता, पण आजारपणात वर्षातले निम्मे आठवडे बुडतात. टोटल झाली ३,१२०. तुमच्या टीममधली ती शांत मुलगी आठवड्याला ८०च करते, पण वर्षातले ४६ आठवडे करते. तिची टोटल ३,६८०! शिवाय तिचा स्टॅमिना दर महिन्याला शून्यावरून सुरू होत नाही. म्हणजे वारंवार आजारी पडणाऱ्यांसाठी फंडा एकच... मोठी राइड मोजू नका, न तुटलेले आठवडे मोजा. पुढचं सगळं त्यासाठीच.

व्हिलन सायकल नाही

घरचे म्हणतात, ‘बघ, सायकलमुळेच आजारी पडतोस.’ त्यांच्या म्हणण्याला जुना आधारही आहे. १९८७च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर धावपटूंना विचारलं गेलं, तेव्हा शर्यत पळालेल्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक पुढच्या आठवड्यात सर्दी-घशासारख्या इन्फेक्शनने आजारी पडल्याचं दिसलं. तेवढीच तयारी असूनही शर्यतीत न उतरलेल्यांमध्ये हे प्रमाण २ टक्क्यांच्या जरा वर होतं. त्यावरून ‘अती व्यायाम केला की प्रतिकारशक्ती कोसळते’ ही थिअरी बरीच वर्षं चालली.

२०१८मध्ये काही इम्युनॉलॉजिस्टनी हा सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि वेगळं चित्र मांडलं. व्यायामानंतर रक्तातल्या संरक्षक पेशी कमी दिसतात, त्या मरतात म्हणून नाही, तर फुप्फुसं, आतडी अशा ठिकाणी गस्तीला जातात म्हणून. मग लोक आजारी का पडतात? गर्दी, प्रवास, अपुरी झोप, टेन्शन आणि खाण्याची बोंब यांच्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

आपल्या भाषेत सांगायचं, तर सायकल बिचारी निर्दोष आहे. तिच्या आधीची रात्र आणि नंतरचं ताट तपासायला हवं.

आधीची रात्र

शनिवारी रात्री साडेबाराला क्लायंट कॉल संपतो आणि साडेचारचा अलार्म लागतो. किती झोप झाली? चार तास. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १६४ निरोगी माणसांची झोप आधी आठवडाभर मोजली आणि मग त्यांच्या नाकात चक्क सर्दीचा विषाणू सोडला. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली.

तेव्हा वारंवार आजारी पडणाऱ्यांनी स्वतःला एक नियम घालून घ्यावा. झोप सहा तासांच्या आत असेल, तर सकाळची राइड कॅन्सल किंवा उशिरा. ग्रुप पुढे गेला तर जाऊ दे. आठ वाजता एकट्याने पाषाण तलावापर्यंत जाऊन आलात, तरी तो आठवडा न तुटलेलाच धरायचा.

मान वर, मान खाली

सर्दी झालीय, राइडला जाऊ की नको? यावर खेळाडूंचे डॉक्टर बरीच वर्षं एक सोपी टेस्ट सांगत आले आहेत. त्रास मानेच्या वर आहे की खाली?

नाक वाहतंय, शिंका येताहेत, घसा किंचित खवखवतोय, एवढंच असेल तर हलकी राइड चालेल. हलकी म्हणजे बोलता बोलता पेडल मारता येईल अशी. दहा मिनिटांत बरं वाटायच्या ऐवजी जड वाटायला लागलं, तर हॅन्डल घराकडे वळवा.

ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, जुलाब, उलट्या... यातलं काहीही असेल, तर सायकल स्टँडवरच बरी. इथे ‘घाम काढला की बरं वाटतं’ हा डायलॉग चालणार नाही. काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतात. त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. ते क्वचित होतं, पण अशा वेळी जोरदार व्यायाम केला तर जिवावर बेतू शकतं. आजारपणानंतर छातीत दुखणं, धडधड, चक्कर किंवा नेहमीच्या छोट्या चढावरही धाप लागणं, असं काही झालं तर ‘बघू पुढच्या संडेला’ म्हणायचं नाही. लगेच डॉक्टरांकडे.

आणखी एक फुकटची टेस्ट. रोज सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, नाडी मोजा. आठवडाभरात तुमचा नेहमीचा आकडा कळेल. समजा तो ६२ आहे आणि एखाद्या दिवशी अचानक ७२ दिसला, तर शरीर आत कुठेतरी भांडतंय किंवा दमलंय. त्या दिवशी मोठ्या राइडचा हट्ट नको.

ताप उतरला म्हणजे बरा झालो?

पावसाळ्यात तर हा प्रश्न फारच महत्त्वाचा. डेंग्यूमध्ये खरी काळजी घ्यायची वेळ ताप उतरतो तेव्हाच असते. ताप उतरण्याच्या आसपासचे २४ ते ४८ तास धोक्याचे मानले जातात. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, प्रचंड मरगळ दिसली तर थेट हॉस्पिटल. आणि पावसाळी तापात अंग दुखतंय म्हणून मनानेच आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉलही डॉक्टर सांगतील तेवढीच. डेंग्यूनंतरचा थकवा काही आठवडे रेंगाळतो. त्यात आळशीपणा काही नाही.

पावसाळी राइडचं आणखी एक. रस्त्यावरचा चिखल उडून थेट बाटलीच्या तोंडावर बसतो आणि आपण तीच बाटली तोंडाला लावतो! झाकणवाली बाटली घ्या किंवा तोंड पुसून मगच प्या. घरी आल्यावर बाटली गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, ब्रश फिरवा, उलटी वाळत घाला. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाऊ नका. लेप्टो अशाच वाटेने येतो. ज्या ग्लोव्हजना आपण राइडभर नाक पुसतो, ते दर वेळी धुवायचे. ‘परवाच धुतले होते’ चालणार नाही.

एका कटिंगवर तीन तास?

आता खाण्याकडे येऊ. मध्यम वेगाने तासभर सायकल चालवली, तर ६० किलोच्या माणसाच्या साधारण ४०० ते ५०० कॅलरीज जातात. तीन तासांचे झाले बाराशे ते दीड हजार. आणि पोटात काय असतं? एक कटिंग चहा आणि फार तर दोन मारी बिस्किटं. वजन पटकन उतरावं म्हणून कित्येक जण हे मुद्दाम करतात.

रिकाम्या पोटी लांब ताणलं, की शरीरातली ताणाची हॉर्मोन्स जास्त वर जातात. राइडमध्ये थोडं थोडं खात राहिलं, तर ती कमी चढतात. दिवसेंदिवस खर्च जास्त आणि खाणं कमी असं चाललं, तर हाडं, हॉर्मोन्स, मूड, प्रतिकारशक्ती सगळ्यांवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४मध्ये याला ‘रेड-एस’ असं नावही दिलं. मुलींनो, सायकलिंग वाढवल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ‘फिटनेसमुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी पडत असल्याची ती घंटा असू शकते.

करायचं काय? निघण्याआधी अर्धा तास एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. दीड तासापेक्षा मोठी राइड असेल, तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं. म्हणजे तासाला एक केळं आणि दोन-तीन खजूर, झालं काम! महागड्या जेलची गरज नाही. जर्सीच्या मागच्या खिशात चिक्की, गूळपोळीचा रोल, काहीही मावतं. भूक लागायची वाट पाहू नका. दर अर्ध्या तासाला एक घास, असं ठरवून खा.

उपवासवाल्यांसाठी खास. साबुदाण्याच्या खिचडीत स्टार्च भरपूर, पण प्रोटीन म्हणाल तर दाण्याच्या कुटातलं तेवढंच. श्रावणात किंवा नवरात्रात उपवासाच्या दिवशी घाट नको, सपाटीवरची छोटी राइड ठेवा आणि जोडीला दूध, दही, शेंगदाणे घ्या.

नंतरचं ताट

राइड संपते कुठे? अर्थातच मिसळीवर. त्यात काही गुन्हा नाही बॉस, मटकीत प्रोटीन आहेच. फक्त तर्रीचा हट्ट कमी करा आणि सोबत वाटीभर दही मागा.

प्रोटीनमध्ये आपण मराठी माणसं जरा मार खातो. सर्वसाधारण माणसाला आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी १.२ ते १.६ ग्रॅम धरतात. ६० किलोच्या सायकलवाल्याचा हिशेब ७२ ते ९६ ग्रॅमवर जातो. आणि आपल्या डब्यात? तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर वरण... सगळं मिळून पंधरा-सोळा ग्रॅम. डबा बदलायची गरज नाही, त्यात भर घाला. दोन अंडी घेतली की बारा ग्रॅमच्या वर, मूठभर शेंगदाणे सातेक ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर अठराच्या आसपास. बटाट्याऐवजी मोडाची उसळ आणली तर आणखी बरं.

दुसरी गोची लोहाची. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना आणि २५ टक्के पुरुषांना अ‍ॅनिमिया आढळला. रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायला गाडीच कमी, मग चढावर दम लागणारच! पालेभाज्या, कडधान्यं, हळिवाचे लाडू, चालत असेल तर मटण-कलेजी. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकला. चहा लोह शोषू देत नाही, लिंबू मदत करतं.

व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांचं काय? २०१३च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं, की रोज घेऊनही सर्वसाधारण लोकांच्या सर्दीची संख्या घटत नाही. पण मॅरेथॉन धावपटू, स्कीइंग करणारे, थंडीत कसरत करणारे सैनिक अशा अती श्रम करणाऱ्यांत ती निम्म्यावर आली. सर्दी झाल्यावर गोळी सुरू करून मात्र खात्रीचा फायदा दिसला नाही. आपल्याकडे पेरू आहे ना! १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम सी असतं, संत्र्याच्या जवळपास चौपट. तिखट-मीठ लावून खा, बिल पण कमी.

आणि आजारात? तेव्हा डाएटिंग बंद. तापात शरीराला जास्त ऊर्जा लागते आणि भूक मात्र मेलेली असते. मऊ भात-मेतकूट-तूप, मुगाचं कढण, तांदळाची पेज, नाचणीची आंबील... आजीचा मेन्यू अजूनही नंबर वन! पोट बिघडलं असेल तर ओआरएस. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. प्रमाण डोळ्यांनी नको, चमच्यानेच मोजा.

परत सॅडलवर

बहुतेकांचा घोळ इथेच होतो. आजार नाही, परत येण्याची घाई आठवडे खाते. त्यामुळे बरं झाल्यावरचा प्लॅन आधीच लिहून ठेवा, बरं वाटायला लागल्यावर डोकं ठिकाणावर नसतं! साध्या व्हायरलनंतर असा जिना चढता येईल...

पहिली पायरी : गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नाही आणि जेवण नीट जातंय. तोवर सायकलला हात नाही.

दुसरी पायरी : अर्धा तास चालणं. दुसऱ्या दिवशी थकवा नसेल तरच पुढे.

तिसरी पायरी : सपाटीवर अर्धा तास, हलका गिअर, गप्पा मारण्याइतका वेग. मग एक दिवस सुट्टी आणि सकाळची नाडी.

चौथी पायरी : ४५ मिनिटं ते तासभर, दिवसाआड.

पाचवी पायरी : आठवडाभर सगळं नॉर्मल गेलं, की मग ग्रुप राइड. घाट त्याच्याही पुढच्या रविवारी.

कुठल्याही पायरीवर जड वाटलं, तर एक पायरी खाली. डेंग्यू, न्यूमोनिया, टायफॉइडसारखं मोठं आजारपण असेल, तर हा जिना डॉक्टर ठरवतील, हा कॉलम नाही.

हे नुसतं नशीब नाही

मोठ्या माणसाला वर्षात दोन-तीनदा सर्दी होणं नॉर्मल आहे. त्याहून बरंच जास्त होत असेल, तर नशिबाला बोल लावत बसण्यापेक्षा एकदा फिजिशियनना भेटा. सीबीसी, फेरिटिन, बी-१२, व्हिटॅमिन डी, थायरॉइड, शुगर यातल्या कुठल्या तपासण्या हव्यात ते डॉक्टर सांगतील. शाकाहाऱ्यांमध्ये बी-१२ची कमतरता खूप दिसते. दर सकाळी शिंकांची माळ, डोळ्यांना खाज आणि ताप मात्र कधीच नाही, असं असेल तर ती सर्दी नसून अ‍ॅलर्जी असू शकते. राइडनंतर दर वेळी कोरडा खोकला आणि छातीत शिट्टी वाजत असेल, तर दम्याची तपासणी करा. दमा असला म्हणून सायकल सुटत नाही. टूर द फ्रान्स चार वेळा जिंकणाऱ्या ख्रिस फ्रूमला दमा आहे. फ्लूची लस दर वर्षी घेता येते, तीही विचारून घ्या.

आणि अगदीच निराश झालात तर मार्क कॅव्हेंडिशला आठवा. जगातल्या सगळ्यात वेगवान स्प्रिंटर्सपैकी एक. २०१७मध्ये त्याला एपस्टीन-बार विषाणूने गाठलं, २०१८मध्ये पुन्हा तेच निदान झालं आणि त्याला सगळं थांबवून विश्रांती घ्यावी लागली. ‘संपला’ म्हणणारे बरेच होते. २०२१च्या टूर द फ्रान्समध्ये त्याने चार स्टेज जिंकून एडी मर्क्सच्या ३४ विजयांची बरोबरी केली आणि २०२४मध्ये ३५वी स्टेज जिंकून तो विक्रम आपल्या नावावर केला. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. आपल्याला तर फक्त सिंहगड चढायचाय आणि सोमवारी वेळेवर ऑफिसला पोचायचंय.

या आठवड्याचा होमवर्क : फ्रिजवर एक साधं कॅलेंडर लावा. किलोमीटर लिहू नका. जो आठवडा आजारपणाशिवाय, पोटभर खाऊन, झोप पूर्ण करून आणि दोन-तीन राइड करून गेला, त्यावर एक टिक. सलग आठ टिक झाल्या, की स्वतःला नवी जर्सी घ्या. खर्च वसूल झाला समजा.

भेटूया पुढच्या आठवड्यात. तोवर बाटली धुतलीत ना?